दप्तरात मावेल ना, काका?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या सावरकरनगरात माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. गेल्या महिन्यात ऐन क्लासच्या वेळेला एक पोरगा आला. पंधरा-सोळाचा, पाठीला दप्तर. म्हणाला, सुरी दाखवा. भाजीची दाखवली, ती नको. मटणाची दाखवली. पातं अंगठ्यावर फिरवून बघितलं आणि विचारलं, ‘‘दप्तरात मावेल ना, काका?’’ कुणाला हवी, तर म्हणे आईला. बायका सुरी घेताना मूठ बघतात, दप्तर कोण बघतं? ‘‘आईला घेऊन ये,’’ म्हटलं आणि सुरी गल्ल्याखाली सरकवली.

तो गेला, पण हे सांगायचं कुणाला ते मला सुचेना. ११२ लावला तर गाडी येणार, पोराला चारचौघांत बसवून नेणार, आणि दुसऱ्या दिवशी तो वस्तीत ‘भाई’ होऊन फिरणार. घर कुठलं, तेही ठाऊक नाही.

ठाणे पोलिसांचे मनाई आदेश पेपरात नेहमी वाचतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सुरे, तलवारी, लाठ्या बाळगायला बंदी. मुदत संपली की पुढचा आदेश. पोलीस हत्यारं पकडतात, ते बरंच करतात. पण सुरी प्रत्येक ओट्यावर आहे. शस्त्र नियमांतली नऊ इंची पात्याची मर्यादासुद्धा घरगुती सुऱ्यांना लागू नाही, म्हणजे माझं अख्खं दुकान त्यातून सुटलं! मी नाही दिली तरी मोबाइलवरून घरपोच येते.

माझा मेव्हणा कोर्टात कारकून आहे. त्याने सांगितलं ते मला नवीन होतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १०७ मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात आणि शहरात विशेष बाल पोलीस पथक, त्यात दोन समाजसेवक, पैकी एक महिला. मी शेजारच्या पाच-सहा दुकानदारांना आणि क्लासवाल्या सरांना विचारलं. आपल्या भागातल्या अधिकाऱ्याचं नाव एकालाही सांगता आलं नाही.

पोलीस आणि वस्ती यांची ओळख असली की काय होतं, हे शिकायला लांब जायला नको. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. पोलीस आणि हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांचे लोक नियमित एकत्र बसायचे, किरकोळ भांडणंही तिथे यायची. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. तशी बैठक पोरांच्या खुन्नशीसाठी का नसावी?

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत चाकूबाजी हाताबाहेर गेली होती. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनीच हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघणारं पथक काढलं. पुढे इस्पितळांच्या आपत्कालीन विभागातही माणसं बसवली. वार झालेला पोरगा खाटेवर असतानाच ती त्याच्याशी बोलतात, कारण बदल्याचा बेत तिथेच शिजतो. दहा-बारा वर्षांत स्कॉटलंडमधले खून निम्म्यावर आले. आपल्याकडे अशा जखमीची एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद होते आणि टाके घालून घरी. कळव्याच्या पालिका रुग्णालयात असा एक माणूस बसवून बघायला हरकत नाही.

आणि संध्याकाळी पोरांनी जायचं कुठे? अभ्यासिकेत बोलायची बंदी, टर्फला तासाचे पैसे, आमच्याजवळच्या शाळेचं फाटक शाळा सुटली की बंद. मग उरतो नाका, आणि तिथे रीलवर कोयता फिरवणारे. रत्नाकर मतकरी आणि समता विचार प्रसारक संस्थेने याच ठाण्यात वस्तीतल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. मुलं आपल्याच वस्तीतल्या गोष्टींची नाटकं बसवतात. पालिकेने शाळांची मैदानं रात्री दहापर्यंत उघडी ठेवून एकेक प्रशिक्षक दिला तरी पुष्कळ. विजेचं बिल वाढेल, वाढू दे.

तो पोरगा नंतर आईबरोबर आला, कुकरची रिंग घ्यायला. पूर्ण वेळ फरशीकडे बघत उभा होता. मी त्याच्या आईला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, अजून कळत नाही.

पोलिसांनी आमच्या भागातल्या बाल कल्याण अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर जाहीर करावा. गल्ल्यावर चिकटवायला जागा मोकळी करून ठेवली आहे.

– एक भांडी विक्रेता, सावरकरनगर, ठाणे (प.)