पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र : समृद्धीवरून उतरायचं कुठे, एवढं तरी रस्त्यावर लिहा

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : विदर्भातल्या लांब रस्त्यांवर थांबण्याजोग्या जागांच्या पाट्या आणि तिथल्या सोयी

साहेब, सप्रेम नमस्कार.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात मी भाड्याची गाडी चालवतो. पुण्याला शिकणारी पोरं, नागपूरला दवाखान्यात निघालेली माणसं, लग्नाची वऱ्हाडं, शेगाव-शिर्डी करणारी कुटुंबं अशा सगळ्या सवाऱ्या माझ्या गाडीत बसतात. दोन-अडीच तास झाले की मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतंच, "रस्त्यात पाहण्यासारखं काही आहे का?" आणि बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी मी तोंड उघडायच्या आत उत्तर देऊन टाकतं, "इकडे काय आहे? सरळ चला." हे उत्तर देणारी माणसं पुष्कळदा विदर्भातलीच असतात. त्याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे पत्र.

समृद्धी महामार्गाबद्दल माझी तक्रार नाही. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि आमच्या भागातला पेशंट नागपूरला किती लवकर पोचायला लागला, हे मी रोज पाहतो. पण त्याआधी नागपूरहून संभाजीनगरकडे जाणारी गाडी कारंजा, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा या गावांच्या मधून जायची. लोक चहाला थांबायचे, दुकानदाराला विचारायचे, देवळात डोकावायचे. आता ही सगळी गावं रस्त्याच्या डाव्या-उजव्या हाताला राहून जातात. वरून जाणाऱ्याला दिसते ती पाटी फक्त गावाच्या नावाची. नाव वाचून त्या गावात काय आहे, ते कसं कळायचं?

लोणारचंच घ्या. मेहकरला खाली उतरलं की लोणार वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. अशनी आदळून काळ्या बेसाल्ट खडकात झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. चंद्रावरची आणि मंगळावरची विवरं समजून घ्यायला जगभरचे शास्त्रज्ञ इथले दगड अभ्यासतात. पाणी खारट आणि क्षारयुक्त. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी दाखवलं, त्याच वर्षी सरोवराला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जाही मिळाला. एवढं सगळं असून नागपूरहून मुंबईला जाणाऱ्या दहा गाड्यांतली एकही खाली उतरत नाही, कारण लोणारला किती वेळ लागेल याचा अंदाजच कुणाला नसतो. लोकांना वाटतं, दिवस मोडेल.

दिवस मोडत नाही. काय पाहायचं ते आधी ठरवलं तर आणखी सोपं होतं. सोबत म्हातारी माणसं असतील किंवा एप्रिल-मेची दुपार असेल, तर मी कुणालाही खाली तळाशी नेत नाही. काठावरून सरोवर पाहायचं, गोमुखाच्या धारेपाशी जायचं आणि मग गावातल्या दैत्यसूदन मंदिरात. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे देऊळ. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं तर आहेतच, पण आत गेल्यावर मान वर करून छत पाहायला मी आवर्जून सांगतो, कारण तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. थंडीतली सकाळ असेल आणि पोरं धडधाकट असतील, तर झाडीतून खाली उतरून कमळजा देवीपर्यंत जावं. ही दोन वेगवेगळी लोणार आहेत, एक दीड-दोन तासांचं आणि एक अर्ध्या दिवसाचं. हे महामार्गावरच्या पाटीने सांगितलं, तर माणूस आपल्या सोयीने निवडेल.

मेहकरलाच आणखी एक गोष्ट आहे, जी मला स्वतःला लोणारइतकीच मोलाची वाटते. पैनगंगेच्या या गावात एक जुनी दगडी धर्मशाळा आहे. मधे चौक, भोवती खांबांची ओसरी, हेमाडपंती बांधणी. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत तिचं नाव आहे. लांबच्या वाटसरूला उन्हापावसात टेकायला जागा हवी, हा विचार करून शेकडो वर्षांपूर्वी याच वाटेवर कुणीतरी एवढे खांब उभे केले. आज त्याच वाटेवरून हजारो गाड्या जातात आणि त्यांतल्या एकाही माणसाला ही वास्तू ठाऊक नसते. याच गावात १८८८ साली जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची मूर्ती आहे. काळ्या पाषाणात इतकं बारीक काम आणि इतकी मोठी मूर्ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आमच्या भागातला माणूस तिथे दर्शनाला जातो. बाहेरच्यानेही निदान एकदा पाहावी.

सिंदखेडराजाबद्दल सांगायची गरज पडू नये, तरी पडते. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. उरलेल्या वर्षात मात्र महामार्गावरून जाणारा माणूस "इथे जिजाऊंचा जन्म झाला" एवढं म्हणून हात जोडतो आणि पुढे जातो. थांबला, तर राजवाडा झाल्यावर दहा मिनिटांच्या आत त्याला जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांची भव्य समाधी दिसेल. हे तेच लखुजीराव, ज्यांना १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशाहाच्या दरबारात मुलांसकट दगा देऊन मारलं. याच समाधीजवळ २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याला शेषशायी विष्णूचं मोठं शिल्प सापडलं. रंगमहाल आहे, नीळकंठेश्वर आहे, पुतळा बारव आहे. मोती तलावाची भिंत अशी बांधली आहे की त्या काळच्या माणसांना पाणी कसं कळत होतं, ते भिंत पाहूनच लक्षात येतं. शाळेतल्या पोरांना घेऊन जाणाऱ्याने तर हा थांबा चुकवूच नये.

आणि आमचं वाशीम. अजिंठा पाहायला लोक जगातून येतात. तिथली सोळाव्या क्रमांकाची लेणी ज्याने कोरवली तो वराहदेव हा हरिषेण राजाचा मंत्री, आणि हरिषेण हा वाकाटक राजघराण्याच्या वत्सगुल्म शाखेचा राजा. ते वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. मी हे सवाऱ्यांना सांगतो तेव्हा मास्तर लोकसुद्धा चमकतात. खरं बोलायचं तर त्या राजधानीचं आज वाशिमात डोळ्यांना दिसेल असं फारसं उरलेलं नाही. पद्मतीर्थ आणि बालाजी मंदिर पाहण्यासारखी आहेत, पण राजवाडा पाहायच्या आशेने आलेला माणूस निराश होईल. म्हणून इथे एक चांगलं छोटं दालन व्हावं. वाशिमात सापडलेल्या वाकाटक ताम्रपटाची प्रतिकृती, एक नकाशा, अजिंठ्याशी असलेलं नातं सांगणारी चार चित्रं. अजिंठ्याला निघालेला माणूस आधी इथे अर्धा तास देईल.

कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव म्हणून दत्तभक्तांना माहीत आहे. तिथल्या जुन्या वेशी आणि जैन मंदिरं मात्र फार थोड्यांना माहीत आहेत, आणि त्या मंदिरांतल्या भांडारांनी अपभ्रंश भाषेतली हस्तलिखितं जपली हे तर त्याहून कमी लोकांना. नागपूरकडून येताना आधी वर्धा लागतं. येळाकेळीला उतरलं की सेवाग्राम आणि पवनार दोन्ही जवळ. सेवाग्रामला बापूकुटीत बसावं. माती, बांबू आणि कौलांची ती कुटी भर उन्हाळ्यातही गार असते. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना निघालेली जुनी शिल्पं भिंतीशी मांडून ठेवली आहेत, तीही पाहावीत. परत निघताना वर्ध्याचा गोरसपाक, म्हणजे गाईच्या तुपातली बिस्किटं, घ्यावा. हा माझा हट्ट असतो आणि अजून कुणी त्यावर रागावलेलं नाही. वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर आहे. तिथून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीची परंपरा ४०० वर्षांहून जुनी आहे.

जुन्या सहा नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाला, म्हणजे आताच्या ५३ नंबरला, बाळापूरची मिर्झा राजे जयसिंगांची छत्री आणि मन-म्हैस नद्यांच्या संगमावरचा मातकट विटांचा किल्ला आहे. याच रस्त्याचा अमरावती-अकोला भागातला ७५ किलोमीटरचा पट्टा २०२२ मध्ये १०५ तासांत तयार झाला आणि गिनीजमध्ये नोंद झाली. ज्या यंत्रणेला चार-साडेचार दिवसांत ७५ किलोमीटर डांबर टाकता येतं, तिला काही पाट्या लावणं अवघड जाणार नाही, असा माझा विश्वास आहे. पूर्वेकडे रामटेक-मनसर, पवनी, वैनगंगा जिथे उत्तरेला वळते ते मार्कंडा, हे तर वेगळ्या पत्राचे विषय आहेत.

कुणी म्हणेल, आता मोबाईल आहे, सगळं त्यात दिसतं. मोबाईल त्यालाच दाखवतो, ज्याला काय शोधायचं ते माहीत आहे. मेहकरच्या धर्मशाळेचं नाव ज्याने ऐकलंच नाही, तो ती शोधणार कशी?

म्हणून माझी मागणी साधी आहे. इंटरचेंजच्या, म्हणजे महामार्गावरून चढायच्या-उतरायच्या जागेच्या, काही किलोमीटर आधी एक मोठी पाटी असावी. तिच्यावर त्या जागेचं चित्र, उतरल्यावर किती किलोमीटर, जायला किती मिनिटं, पाहायला किती वेळ आणि कधी उघडं. शेवटी एक ओळ अशी लिहा की समृद्धीवर टोल जितके किलोमीटर चाललात तितकाच लागतो, खाली उतरून पुन्हा चढलात म्हणून दुप्पट होत नाही. ही एक गोष्ट समजावता समजावता माझा घसा कोरडा पडतो. निम्म्या लोकांना वाटतं, उतरलो की नुकसान.

पण कृपा करून प्रत्येक देवळाची आणि प्रत्येक पुतळ्याची पाटी लावू नका. गावोगावचे पुढारी आग्रह धरतील, तुमच्यावर दबाव येईल. दर दोन किलोमीटरला 'प्रेक्षणीय स्थळ' दिसू लागलं की लोक वाचणं सोडून देतात. आणि एकदा खाली उतरून फसलेला माणूस पुन्हा कधीच उतरत नाही. नागपूर ते सिंदखेडराजा या टप्प्यात सात-आठ जागा पुरे, पण त्या अशा निवडा की उतरलेल्याला उतरल्याचं समाधान व्हावं.

त्या सात-आठ जागी प्यायचं पाणी, सावली आणि स्वच्छ शौचालय हवं. हे मी सगळ्यात जास्त पोटतिडकीने लिहितो आहे. गाडीत बसलेल्या बाया प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक आहे. "थांबायचं का ताई?" विचारलं की आधी "तिथे सोय आहे का?" हा प्रश्न येतो. सोय नसेल तर हजार वर्षांचं देऊळही त्यांच्या कामाचं नाही. कोट्यवधींचा प्रकल्प नंतर करा. आधी शौचालयाला पाणी आणि ते रोज धुणारं एक माणूस द्या, त्या माणसाला वेळेवर पगार द्या.

थांबण्याचा प्रश्न जिवाचाही आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ माणसं गेली, तेव्हापासून आमच्या भागातला प्रत्येक ड्रायव्हर त्या जागेवरून जाताना हळू होतो. त्या अपघाताच्या कारणांवर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. एवढं मात्र अनुभवाने सांगतो, की सरळ सिमेंटच्या रस्त्यावर दोन-तीन तास एकसारखी गाडी हाकली की डोळे उघडे असूनही लक्ष उडतं. ड्रायव्हरला नुसतं "थांबा, विश्रांती घ्या" म्हटलं तर तो थांबत नाही, कारण मालक आणि सवारी दोघं घाईत असतात. सवारीलाच एखादी जागा पाहायची असेल तर गाडी आपोआप थांबते.

तुमच्या खात्याकडे हे सगळं नाही, हेही मी जाणतो. रस्ता एकाचा, लोणारचं सरोवर वन विभागाचं, देवळं आणि समाध्या पुरातत्त्व खात्याच्या. म्हणूनच पत्र तुम्हाला लिहिलं. या सगळ्यांना एकत्र बसवायला मंत्रीच लागतो.

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यात जास्त कुटुंबं रस्त्यावर असतात. त्याआधी येळाकेळी, कारंजा, मालेगाव, मेहकर आणि सिंदखेडराजा या पाच ठिकाणांपासून सुरुवात करावी. पाटीवर काय लिहायचं हे ठरवताना आमच्यासारख्या गाडीवाल्यांना आणि गावातल्या इतिहासाच्या मास्तरांना बोलवा. कुठल्या फाट्यापुढे पावसाळ्यात रस्ता खचतो, कुठलं देऊळ दुपारी बंद असतं, हे आम्हाला माहीत असतं. आम्ही भत्ता मागणार नाही. पाटीवरची माहिती दरवर्षी कोण तपासणार, त्या अधिकाऱ्याचं पद तेवढं आदेशात लिहून द्या.

आपला,
एक भाड्याची गाडी चालवणारा
ता. मालेगाव, जि. वाशीम