चुना 'विझवतात' का म्हणतात? लॅबातल्या काकांना पत्र

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभाला मला येता आलं नाही. त्या दिवशी चार लोकांदेखत जे बोलायचं राहिलं, ते आज सगळ्यांदेखतच लिहिते आहे.

तुम्हाला कदाचित आठवणार नाही. गोव्यात पेडण्याकडच्या गावातल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली मी, पुढे सगळं इंग्रजीतून रेटत अकरावी सायन्सला पोचले होते. एक्झोथर्मिक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या अभिक्रियेला उणे चिन्ह, एन्डोथर्मिक, म्हणजे उष्णता आत घेणारीला अधिक चिन्ह, एवढंच पाठ. चाचणीत मी लिहिलं की रासायनिक बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते. काटकी मोडली की आवाज होतो, तसंच काहीतरी असेल असं माझ्या डोक्यात होतं. उत्तरावर लाल काट आली आणि चूक कुठे आहे तेच मला कळेना. लॅब रिकामी झाली तरी मी बाकावर बसून होते. तुम्ही ब्युरेट धूत होता. हात पुसत तुम्ही विचारलंत, "बाय, चुना विझवतात तो का?"

मी म्हटलं, चवथीआधी, गणपती यायच्या आधी, भिंतींना मारायला.

"ते कशाला ते झालं. विझवतात असं का म्हणतात? विझवतात ते पेटलेलं असतं ना?"

काका, चुना विझवणे हा शब्द मी जन्मापासून ऐकत होते. त्यात आग आहे हे त्या क्षणापर्यंत माझ्या कानाला लागलं नव्हतं.

मग तुम्ही चिनीमातीच्या बशीत कळीच्या, म्हणजे न विझवलेल्या चुन्याचा सुपारीएवढा खडा ठेवलात. आधी माझ्या डोळ्यांवर चष्मा चढवलात, मला दोन पावलं मागे सरकवलंत आणि ड्रॉपरने पाणी सोडलंत. खड्याने पाणी पिऊन टाकलं. काहीच झालं नाही. मी "आणखी घालू?" म्हणून हात पुढे केला, तो तुम्ही धरलात. "गप्प आहे म्हणून काही चाललेलं नाही असं समजू नकोस." थोड्या वेळाने खड्याला बारीक तडा गेला, मग दुसरा, फसफस झाली, वाफ आली आणि तो फुलून पांढरं पीठ होऊन बशीत पसरला. तुम्ही माझ्या हाताची पालथी बाजू बशीच्या वर, वीतभर अंतरावर धरलीत. धग लागली. तेव्हा तुम्ही सांगितलंत की तुमचे वडील नदीकाठच्या शिंपल्यांच्या भट्टीवर कामाला होते, आणि असाच गप्प बसलेला चुना उडून त्यांचा डावा डोळा गेला.

ही धग कुठली, ते तुम्ही भट्टीपासून सांगितलंत. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कळीचा चुना उरतो. घट्ट बसलेले धरून वेगळे करायचे तर उष्णता द्यावी लागते, फुकट कुणी सुटत नाही. पाणी भेटलं की नवे बंध जुळतात, आणि जुळताना उष्णता बाहेर येते. तोडायला लागते, जोडताना मिळते. अभिक्रिया गरम की गार हे दोहोंच्या वजाबाकीवर. नवसागर पाण्यात विरघळवून परीक्षानळी माझ्या हातात दिलीत, तीही आठवते. नळी गार पडली आणि जूनच्या दमट हवेत तिच्यावर बाहेरून दव जमलं. तिथे जोडणीतून मिळालेलं कमी पडलं होतं आणि उरलेलं पाण्याने भरलं.

आकडे मी नंतर शोधले. भट्टीत मोलमागे (मोल हे रसायनशास्त्रातलं पदार्थाचं माप) सुमारे १७८ किलोज्यूल आत जातात. चुना विझताना ६५ परत येतात. म्हणजे किलोभर कळीच्या चुन्यातून जवळजवळ चार लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता! उरलेले ११३ भिंतीवर येतात: ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, इतका सावकाश की हाताला काही लागत नाही. ६५ आणि ११३ मिळून बरोबर १७८. वाट एक टप्प्याची असो की दोन, उष्णतेचा हिशेब तोच, हा नियम जर्मेन हेसने १८४० साली मांडला. मला तो आमच्या जुन्या घराच्या ओटीवरच्या भिंतीत दिसतो. चुना मारलेली ती भिंत परत शिंपला झालेली आहे.

आज मी वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात काम करते. अभिक्रियेतून किती उष्णता सुटते ते कॅलरीमीटरमध्ये मोजायचं आणि मोठ्या रिअॅक्टरमध्ये, म्हणजे अभिक्रियेच्या भांड्यात, ती झेपेल का ते सांगायचं, हे माझं काम. लिटरभराच्या भांड्यात निमूट चालणारी अभिक्रिया हजार लिटरमध्ये तशी राहत नाही. भांड्याचा आकार तोच ठेवला तर उष्णता हजारपट होते आणि ती बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त शंभरपट वाढतो. त्याहून भीती वाटते ती गप्प अभिक्रियेची. रिअॅक्टर जास्त गार असला की घातलेलं द्रव्य लागलीच अभिक्रिया करत नाही, आत साठत जातं. तापमापी शांत असते. माणसाला वाटतं आणखी घालावं. मग एकदा सुरुवात झाली की साठलेलं सगळं एकदम पेटतं.

गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीला हेच माझ्यासमोर आलं. द्रव्य अर्धं घालून झालं होतं आणि तापमान जागचं हलत नव्हतं. पंप थांबवा म्हणून मी सांगितलं. सोबतचे म्हणाले, काही होतच नाहीये. मला तुमचा हात आठवला, मनगटावरचा. वीस मिनिटांनी आकडा चढायला लागला आणि चढतच गेला. अर्ध्यावरच थांबलो होतो म्हणून थंड पाण्याला तो आवरता आला. त्या रात्री आम्ही सहाजण होतो. सहाहीजण सकाळी आपापल्या घरी गेलो.

त्या सहाजणांच्या वतीने आभार, काका.

चवथीला गावी येते आहे. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली की दुपारी तुमच्याकडे येईन. माझी मुलगी यंदा पाचवीत गेली, तिला घेऊन. कळीचा चुना मी आणते, चष्मेही आणते. विझवायचा मात्र तुम्ही, आणि तो प्रश्नही तिला तुम्हीच विचारायचा.

तुमची,
शेवटच्या बाकावरची