मा. वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र: शिकवायला आम्ही चालतो, नोकरीला का नाही?

मा. मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

परवा एका मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमीच्या (शरीररचनेच्या) असिस्टंट प्रोफेसर पदाच्या इंटरव्ह्यूला गेले होते. जाहिरातीत स्वच्छ छापलं होतं, एमएस्सी मेडिकल ॲनाटॉमी आणि पीएचडी चालेल. आत गेले तर पॅनेलमधल्या सरांनी फाइलची नाडीसुद्धा सोडली नाही. "एमबीबीएस कुठून?" म्हटलं सर, एमएस्सी. "बरं, कळवतो." बाहेर क्लार्क म्हणाला, मॅडम कशाला एवढ्या लांबून येता, नॉन-मेडिकलचा, म्हणजे एमबीबीएस नसलेल्यांचा, कोटा भरलाय, जाहिरातीत टाकावं लागतं म्हणून टाकतो. आपला वेळ मौल्यवान आहे याची कल्पना आहे साहेब, आमचा फुकटचा असतो हे तिथे कळलं.

आमचा कोर्स काय असतो हे तुमच्या सचिवांना तरी माहीत आहे का? बीएस्सीनंतर तीन वर्षं, पहिल्या वर्षी एमबीबीएसच्या फर्स्ट इयरचेच विषय, मग पूर्णवेळ ॲनाटॉमी. हिस्टॉलॉजी (ऊती), एम्ब्रियॉलॉजी (गर्भाची वाढ), न्यूरो (मेंदू आणि नसा), आणि दिवसचे दिवस मृतदेह उघडून शिकायच्या डिसेक्शन हॉलमध्ये, फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत. काखेतलं डिसेक्शन करताना मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह, म्हणजे दंडातली एक नस, कुणीतरी पोरगं हमखास फॅशिया (नुसता पातळ पडदा) समजून कापायला जातं, तेव्हा त्याचा हात धरून "ब्लेड ठेव, फोर्सेप्सने बाजूला कर, ती बघ कोराकोब्रॅकिॲलिसच्या स्नायूत कशी शिरतेय" हे कोण सांगतं? असिस्टंट प्रोफेसरच्या खालच्या पायरीवरची ट्युटर म्हणून मीच सांगत आलेय. ती पोरं आज सर्जन आहेत, ओपीडीत बसतात, मी अजून बायोडेटाच्या झेरॉक्स काढतेय. नवरा म्हणतो सोड आता, क्लासेस घे. घरी भांडण होतं ते वेगळंच.

1998 च्या नियमात ॲनाटॉमीत 30 टक्के जागा आमच्यासारख्यांना होत्या. ऑक्टोबर 2020 ला एनएमसीने, म्हणजे मेडिकल शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने, त्या 15 वर आणल्या, मायक्रोबायोलॉजी आणि फार्माकोलॉजीत तर थेट शून्य. 2025 च्या नव्या नियमात त्या दोन विभागांची दारं परत उघडली, छान, आभारी आहोत, पण मधल्या वर्षांत ज्यांची वयं उलटली त्यांचं काय, आणि मुळात बंद कशासाठी केली होती? कोणी काही बोलत नाही. नियम उघडला तरी पॅनेलमधल्या लोकांची डोकी उघडली का?

आणि क्वालिटीच्या गप्पा तर मारूच नका. 2023 ला नीट पीजीचा, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेचा, कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणला कुणी? एमडी ॲनाटॉमीच्या सीट कोणी घेत नाही, निम्म्या तर रिकाम्याच राहत असतील. म्हणजे ज्याला क्लिनिकल (पेशंट तपासायची) शाखा मिळाली नाही म्हणून नाइलाजाने आला तो योग्य, आणि ॲनाटॉमीच शिकायची म्हणून आलो ते आम्ही कोट्यातले! 2014 ला देशात एमबीबीएसच्या जागा 51 हजारांच्या आसपास होत्या, आता लाखाच्या पुढे गेल्या. जिल्ह्याजिल्ह्यात कॉलेजं काढली, फीत कापली, फोटो काढले, शिकवायला माणसं कुठून आणणार होतात? इन्स्पेक्शनच्या दिवशी दाखवायला भाड्याचे प्रोफेसर कुठून येतात ते आम्ही बघितलंय. म्हणून मग आधारवाली फेस हजेरी आणली. चेहरा मोजता येतो साहेब, वर्गात तो काय शिकवतो ते कोण मोजणार? डिसेक्शनच्या एका बॉडीभोवती पोरांची एवढी गर्दी की मागच्याला पुढच्याचं डोकंच दिसतं, आणि हेच उद्या तुमची-आमची पोटं उघडणार.

या देशात खोटी हजेरी खपते, भाड्याचा प्रोफेसर खपतो, डिग्री घेऊन दारात उभा असलेला माणूस मात्र नियमात बसत नाही.

मागणं फार नाही. आमच्या वाट्याच्या किती जागा आहेत आणि किती भरल्यात हे प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर टाकायला लावा. आणि आम्हाला घ्यायचंच नसेल तर एमएस्सी ॲनाटॉमीचे प्रवेश बंद करा, यंदाही पोरांकडून लाखांत फी घेणं चालूच आहे. उत्तर पाठवणार असाल तर "नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल" हे नको, तसली पत्रं घरी भरपूर आहेत.

आपली,
ॲनाटॉमीची एक ट्युटर