शिखर खोडून काढणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव-नंबर विचारायच्या आत तुम्ही पुढच्या मुक्कामाला निघून गेलात, म्हणून हे आभार असे जाहीरपणे मानते आहे. परक्या शहरात मराठी कानावर पडलं आणि आम्ही दोघी थेट तुमच्या टेबलापाशी येऊन बसलो. विचारायचं एवढंच होतं: एक दिवस मोकळा आहे, खिडकीतून दिसतो त्या डोंगरावर जावं का?

"जा की" किंवा "नको गं बाई" यातलं तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. उलट विचारलंत, "सूर्य किती वाजता मावळतो इथे? आणि पायथ्याहून परतीची शेवटची बस कितीची?" आम्ही फोनमध्ये शोधेपर्यंत तुम्ही नकाशा पसरला होतात.

शहराला खेटून असलेला डोंगर जास्त फसवा, हे तुमचं म्हणणं. खाली रस्ते आणि घरं दिसत राहतात, म्हणून मदतही तेवढीच जवळ आहे असं वाटतं. तुम्ही नकाशावरच्या समोच्च रेषांवर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवर, पेन्सिल टेकवलीत. शिखराच्या वाटेवर त्या रेषा एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या की मधे पेन्सिलीचं टोकही मावेना. म्हणजे तिथे चढ नाही, जवळजवळ भिंतच. मग नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२चा हिशेब मांडलात: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. जाऊन-येऊन १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ, म्हणजे जेमतेम चार तास. "पण हे चार तास न थांबता चालणाऱ्याचे. तुम्ही फोटो काढणार, बसणार, वाट शोधणार. सहा धरा." आणि शिखरावर सरळ काट मारलीत!

लोकांचे अनुभव वाचून हे कळलं नसतं. "सोपी वाट" असं लिहिणारा रोज डोंगर चढणारा आहे की नाही, तो कोरड्या दिवसांत गेला होता की पावसानंतर, हे कोण सांगतं? हवामानाचंही तेच. फोनवर दिसतं ते शहराचं तापमान. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश कमी होतात आणि वारा वेगळाच.

तुम्ही सुचवलेली वाट दिसायला साधी होती. जंगलातून जाणारी, ठळक खुणांची, गेलो त्याच वाटेने परत यायची. "गोल फेरीपेक्षा हे बरं, उतरताना वाट ओळखीची असते." सकाळी पायथ्याच्या चौकीत विचारूनच पुढे जा, असंही बजावलं होतंत. बरं झालं. दरड सैल झाल्यामुळे एक फाटा बंद होता, आणि फोनच्या नकाशात तो मजेत चालू दिसत होता.

दुपारी एक वाजता, असू तिथून, मागे फिरायचं हीही तुमचीच अट. एक वाजला तेव्हा शेवटचा कठडा समोर दिसत होता, माणसांचे आवाजही ऐकू येत होते. मैत्रीण म्हणाली, "वीस मिनिटं फक्त." मी घड्याळ पुढे केलं. बराच वेळ कोणी कोणाशी बोललं नाही. आणि खरं सांगायचं तर ज्यांची धास्ती होती ते ढग दुपारी आलेच नाहीत, आकाश लख्ख होतं. तरी बस सुटायच्या आधी निवांत बूट काढून बसलो, याचं श्रेय त्या अटीलाच.

मदतीसाठी शिट्टी वाजवायची वेळ आली नाही. पण मिनिटात सहा वेळा वाजवून मग मिनिटभर थांबायचं, उत्तर आलं तर ते तीन शिट्ट्यांचं असतं, हे आता पक्कं डोक्यात आहे. कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत नाही आलो तर फोन करायचा, हा कागद मुक्कामाच्या काउंटरवर ठेवला होता. परतल्यावर तिथल्या मुलाने तो आमच्या समोरच फाडला.

एका बाबतीत मात्र मला तुमचं पटलेलं नाही. किमान तिघं तरी हवीत, एकाला लागलं तर एकाने त्याच्यापाशी थांबायचं आणि एकाने मदत आणायची, हे निर्जन डोंगरात बरोबर. सुट्टीच्या दिवशी लहान मुलांना घेऊन घरंच्या घरं चालतात अशा वाटेवर दोघी पुरतात, असं मला वाटतं. कुठे भेट झाली तर यावर भांडू. तोवर मनापासून आभार.

आपली,
नकाशावर वाकून बसलेल्या दोघींपैकी एक