समुपदेशक आरोग्य केंद्रात बसवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, गोवा सरकार,
स. न. वि. वि.

मे 2021 मधल्या, कोविडच्या लाटेतल्या, गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातल्या) त्या रात्री उकरून काढायला हे पत्र लिहीत नाही. सिलिंडरच्या ट्रॉल्या बदलताना ऑक्सिजनचा दाब उतरायचा आणि पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान माणसं जायची. 11 मेच्या एकाच पहाटे 26 जण गेले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. त्याचा हिशेब जिथे व्हायचा तिथे होवो. मला विचारायचंय ते अशा वॉर्डांत रात्रभर उभ्या राहिलेल्यांबद्दल. पुढे त्यांचं काय झालं, याची चौकशी कुणी केली का?

माझी वहिनी नर्स आहे, दुसऱ्या एका इस्पितळात. तीही कोविड वॉर्डात होती. आजही मायक्रोवेव्ह वाजला की हातातलं टाकून उठते आणि मग ओशाळून बसते. मॉनिटरचा आवाज डोक्यात बसलाय. एकाच वेळी दोन खाटांवर तो वाजायचा आणि आधी कुणाकडे धावायचं ते तिनेच ठरवायचं. त्या इस्पितळात समुपदेशनाची सोय नव्हती असं नाही. पण ती ड्युटी संपल्यावर, त्याच इमारतीत, शिवाय फॉर्मवर एम्प्लॉयी कोड लिहायचा. कोण जाणार? बढतीच्या वेळी कुणी ते उकरून काढलं तर? थाळ्या वाजवून झाल्या, फुलं उधळून झाली. बिचारीला चार दिवस सलग रजा काही मिळाली नाही.

इस्पितळाबाहेरच्यांची कथा वेगळी. टाळेबंदीत किनाऱ्यावरचे शॅक बंद, टॅक्सी दारात उभी, हप्ते चालू. आमच्या वाड्यावरच्या एका मुलाला बापाचं शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. तेव्हापासून तो तिन्हीसांजेला तावेर्नात, म्हणजे गावच्या दारूच्या दुकानात असतो, आणि गाव त्याला बेवडा म्हणून मोकळा झालाय. त्याला बांबोळीच्या मनोरुग्णालयात ने म्हटलं तर आईच नको म्हणते, लोक काय म्हणतील! 14416 ही टेली-मानसची, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, चांगली आहे. पण दोन खोल्यांच्या घरात फोनवर रडायचं कुठे?

आणि याचं उत्तर गोव्यातच सापडलेलं आहे, हे तर जास्तच खटकतं. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेने आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. नैराश्यासाठी सहा ते आठ बैठका, दारूच्या त्रासासाठी जास्तीत जास्त चार. फरक पडला, आणि ते निष्कर्ष 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. जग गोव्याचा दाखला देतं. आमच्या केंद्रात मात्र सर्दी-तापाची रांग आणि मधुमेहाच्या गोळ्या, एवढंच.

म्हणून मागतो ते दोनच. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असा एक समुपदेशक कायमस्वरूपी नेमा. ओपीडीच्या रांगेतूनच त्याच्याकडे जाता यावं, म्हणजे कोण कशाला आलाय ते कुणाला कळणार नाही. आणि परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, रुग्णवाहिका चालक यांच्यासाठी ही सोय ड्युटीच्या वेळेत, त्यांच्या इस्पितळाबाहेर करा. त्याची नोंद सेवापुस्तकात वा वरिष्ठांकडे जाणार नाही, असा लेखी आदेश काढा. आदेशाला तर पैसेही लागत नाहीत. तो याच महिन्यात निघू शकतो. पदांसाठी पुढच्या अर्थसंकल्पात किती तरतूद करणार, ते विधानसभेत सांगा.

आपला,
डिचोलीतील एक नागरिक