उतरलेले सेल

सांगली,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, शिव्या घालत असशील. घशात गाठी निघाल्या, डॉक्टरांनी महिनाभर तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे तू पत्र लिहायला बसलास! बोलता येत असतं तर एक ओळ आली नसती. आणि चार पानं इकडचं तिकडचं लिहून अगदी शेवटी, कोपऱ्यात बारीक अक्षरात: "आता गाणं बंद करू का?"

उत्तर सुचेना, म्हणून माळ्यावरचा कॅसेटचा खोका खाली काढला. सगळ्यात वर ब्लॅक फ्लॅग या अमेरिकन पंक बँडची 'माय वॉर', तू भरून आणलेली, पाठीवर तुझंच किरटं अक्षर. आठवतंय? पहिली बाजू सुसाट गेली आणि दुसरी लागली तसं सगळं रांगायलाच लागलं. वॉकमनचे सेल उतरले म्हणून तू ते काढून दातांनी चावलेस. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणले, पैसे माझे. तरी तेच! गाणीच तशी होती. तीनच, पण प्रत्येक सहा मिनिटांच्या वर. हार्डकोअर पंक म्हणजे दीड मिनिटात धुरळा, असं मानणाऱ्या पोरांसमोर १९८४ साली ही मंडळी मुद्दाम संथ वाजवत होती, आणि वर त्यांचा गायक हेन्री रोलिन्स हंबरडा फोडत होता.

त्या माणसाबद्दल परत वाचत बसलो. मूळचा वॉशिंग्टनचा, खरं आडनाव गारफिल्ड. आइस्क्रीमच्या दुकानात मॅनेजर होता, हे आपल्याला तेव्हा कुठे ठाऊक होतं? काम सुटलं की एसओए नावाच्या बँडमध्ये गायचा. त्यांची एकुलती एक छोटी रेकॉर्ड काढली ती त्याच्या लहानपणच्या दोस्ताच्या, इयान मॅकायच्या लेबलनं. १९८१च्या उन्हाळ्यात ब्लॅक फ्लॅगचा कार्यक्रम ऐकायला तो गाडी काढून न्यूयॉर्कला गेला. सकाळी परत दुकान उघडायचं होतं. म्हणून निघण्याआधी कामावर जाण्याबद्दलच्याच गाण्याची फर्माईश केली, आणि सरळ स्टेजवर चढून ते स्वतःच म्हटलं. त्यांचा तेव्हाचा गायक डेझ कडीना याला नेमकं गाणं सोडून गिटारकडे वळायचं होतं. थोड्याच दिवसांत हेन्रीला चाचणीचं बोलावणं आलं आणि निवडही झाली. वय वीस. पगाराची नोकरी सोडून लॉस एंजेलिसला जायचं, तेही बिनभरवशाच्या बँडसाठी. त्यानं इयानला विचारलं. इयान म्हणाला, जा.

इथे मी पुस्तक मिटलं, लेका. तुला मुंबईच्या बँडनं बोलावलं तेव्हा तूही मला विचारलं होतंस, एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये, मिसळ पुढ्यात घेऊन. मी म्हणालो, "विचार कर." तू केलास. इतका केलास की तोवर त्यांनी दुसरा गायक घेतला. त्यावरून तू मला आजवर कधी टोचलं नाहीस, हे जास्त लागतं.

तो गेला म्हणून त्याचं सोनं झालं असंही नाही. पहिला अल्बम 'डॅमेज्ड' आला आणि पाठोपाठ युनिकॉर्न या रेकॉर्ड कंपनीशी कोर्टकज्जे लागले. कंपनी बुडाली तेव्हा सुटका झाली. मग साचलेलं सगळं बाहेर पडलं, १९८४ या एका वर्षात तीन स्टुडिओ अल्बम. लोक त्याच्या अंगावर थुंकायचे, पेटत्या सिगारेटी टेकवायचे, आणि हाही हात उचलायचा. त्या मारामाऱ्यांचं आपल्याला केवढं कौतुक होतं! आता वाचताना नुसतं वाईट वाटतं. अनवाणी, काळ्या चड्डीवर गायचा. स्टेजवर जाण्याआधी पूलच्या खेळातला १३ नंबरचा चेंडू मुठीत आवळत बसायचा, एवढं मात्र अजूनही आवडतं. आणि १९८६ साली एक फोन आला. ग्रेग गिन, ज्यानं बँड काढला तोच, म्हणाला मी बँड सोडतो. खलास.

पुढे रोलिन्स बँड काढला, एमटीव्हीवर झळकला. १९९१च्या डिसेंबरात त्याच्यासमोरच, घराच्या दारात, लुटारूंनी त्याच्या दोस्ताला, जो कोलला गोळी घातली. हा वाचला. त्यावर मी काय लिहू?

मला खरी गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. १९८३पासून तो गाण्याच्या जोडीला नुसता बोलायचेही कार्यक्रम करत होता. आपल्याकडे एकपात्री म्हणतात तसंच, पण ना नाटक ना पात्रं. हातात माईक, मनगटाभोवती वायर गुंडाळलेली, आणि दोन-दोन तास सलग गप्पा. कधी कधी उपदेशाचा डोस फार होतो, ते सोड. ब्लॅक फ्लॅगच्या दौऱ्यांची डायरी त्यानं स्वतः वाचून रेकॉर्ड केली, तिला १९९५ साली ग्रॅमी मिळालं. गाण्याला नाही हं, वाचनाला! आणि आत नवीन गाणी उरली नाहीत असं वाटल्यावर त्यानं गाणं थांबवलं. जुनीच गाणी म्हणत फिरायला तो राजी नाही.

तुझं तसं आहे का? गाठी घशात आहेत, गाणी संपलीत असं तू चार पानांत कुठेच लिहिलेलं नाहीस. उलट तिसऱ्या पानावर तीन ओळी खोडल्यास, त्या मी दिव्यासमोर धरून वाचल्या. नवीन गाणं आहे ते, चाल कळत नाही. तेव्हा महिना नीट गप्प राहा, डॉक्टर सांगतील ते सगळं कर, आणि मग गा. हळू गा हवं तर.

महिना संपला की इकडे ये. येताना पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत वॉकमनचा रबरी पट्टा मिळतो का बघ, माझा वितळून चिकटलाय. सेल मी आणून ठेवलेत.

तुझा,
पक्या