झोन मोजला, पण औषध कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘अमुक महाविद्यालयात नवे प्रतिजैविक शोधले’ अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. आनंद होतो; पण सारी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यातच झाल्याने लगेच मनात येते, चाचणी कोणती केली?

बहुतेकदा एकच. पेट्री डिशमध्ये आगरवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, जिवाणू पसरायचे, छोटा खळगा पाडून त्यात डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेले संयुग घालायचे, रात्रभर 37 अंशांवर ठेवायचे आणि सकाळी खळग्याभोवतीचा स्वच्छ ‘झोन’ पट्टीने मोजायचा. 18 मिमी भरला की पेपर तयार! वास्तविक झोनचा आकार संयुग आगरमध्ये किती पसरते यावरही ठरतो. पाण्याशी फटकून वागणारे संयुग गुणकारी असले तरी झोन लहानच देते. म्हणून जिवाणूंची वाढ रोखणारी किमान मात्रा, म्हणजे एमआयसी, काढायला हवी. त्यात प्रयोगशाळेतला ई. कोलाय जिवाणू साध्या औषधांनाही दाद देतो; रुग्णालयातला क्लेबसिएला जिवाणू मात्र बाहेरच्या आवरणावरच औषध अडवतो, आत शिरलेले पंपाने बाहेर फेकतो. माणसाच्या पेशींना ते संयुग कितपत विषारी आहे, हे तर क्वचितच तपासले जाते. जिवाणू फिनाइलनेही मरतात.

यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. औषधांना न जुमानणारे जिवाणू हाताळण्याजोगी प्रयोगशाळा तालुक्याच्या कॉलेजात कुठून येणार? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाने 2015 मध्ये ‘को-ॲड’ उपक्रम सुरू केला तो याच अडचणीवर. जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी मिलिग्रॅमभर संयुग पाठवायचे; एमआरएसए या औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूसह पाच जिवाणू आणि दोन बुरशींवर ते मोफत तपासून मिळे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे. राज्य सरकारने तिच्या मदतीने अशी सोय का करू नये? वोक्हार्ट कंपनीच्या नॅफिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला सुमारे 14 वर्षे आणि 500 कोटी रुपये लागल्याचे 2024 मध्ये केंद्र सरकारनेच सांगितले. तेवढा पैसा कॉलेजांकडे मागतो कोण? निदान पहिली चाळणी तरी नीट व्हावी.

विद्यापीठांनीही एमआयसी आणि पेशींवरील चाचणी नसलेल्या प्रबंधाच्या शीर्षकात ‘प्रतिजैविक’ शब्द येऊ देऊ नये. आणि फसलेली संयुगेही जाहीर करावीत, म्हणजे सोलापुरात वाया गेलेले संयुग नांदेडला कुणी पुन्हा बनवत बसणार नाही.

– एक निवृत्त प्राध्यापक, सातारा